डाळमिलमधली पुढारीण

माझ्या प्रबंधाचा विषय माझ्या मनातला नव्हता. औरंगाबादला माझे मार्गदर्शक सर होते, त्यांनी तो सुचवला आणि मी हो म्हटलं. नाही म्हणायचं, मग दुसरा विषय शोधायचा, पुन्हा त्यांच्यासमोर बसायचं, एवढं त्राण त्या वर्षी माझ्यात नव्हतं. सकाळी नांदेडच्या कॉलेजात तास, दुपारी पेपर तपासणं, आणि संध्याकाळी नळाला पाणी येतंय का ते बघत अंगणात बसून राहणं. गोदावरीकाठचं गाव असून उन्हाळ्यात ही गत. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच उस्मानाबादेतून वेगळा झाला होता. सर म्हणाले, "नवा जिल्हा आहे, अजून कुणी हात लावलेला नाही. तिथल्या लहान कारखान्यांमध्ये निरनिराळ्या जातीधर्मांची माणसं एकत्र काम करतात. त्यांच्यात पुढारी कोण होतो, कसा होतो आणि भांडण कशावरून होतं, हे बघा. तुम्ही मूळच्या चाकूरच्या. माणसं तुमच्याशी बोलतील."

कुणी हात लावलेला नाही हे अगदी खरं होतं. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या भाड्याच्या घरांत थाटलेल्या. एका कचेरीत गेले तर दारात पाटी रंगवून वाळत ठेवली होती आणि आतले साहेब म्हणाले, कारखान्यांची माहिती अजून उस्मानाबादेतच आहे. उस्मानाबादेला गेले तर ते म्हणाले, सगळं लातूरला पाठवलं. अशा चकरा मारून पाय दुखायला लागल्यावर मी तो नाद सोडला आणि लातूरच्या एका डाळमिलच्या फाटकात सरळ जाऊन उभी राहिले.

मिलच्या मालकांना सगळे आप्पा म्हणत. धोतर, अंगात पांढरा सदरा, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे. मी आधी कॉलेजचं नाव सांगितलं, त्यानं काही झालं नाही. मग आडनाव सांगितलं, वडलांचं चाकूरचं किराणा दुकान सांगितलं, तसे ते खुर्चीतून उठले.

"शरणार्थ, शरणार्थ. म्हणजे तुम्ही आपल्यातल्याच की! आधी सांगायचं न्हाई का? बसा."

आम्ही दोघंही लिंगायत, एवढ्यावर माझं काम झालं. त्यांनी चहा मागवला, माझ्या वडलांची, आमच्या मठाची चौकशी केली, आणि मग अभिमानानं म्हणाले, "आमच्या मिलमधी समदी जात हाय बघा. मुसलमान हाय, बंजारा हाय, जयभीमवाले हाय. आपल्याकडं भेदभाव न्हाई. हे लिहून घ्या." मी लिहून घेतलं.

मिलच्या मागच्या अंगणात बायका डाळ निवडायला बसत. भेदभाव नसेलही, पण बसायच्या जागा ठरलेल्या होत्या. तांड्यावरून येणाऱ्या बंजारा बायका भिंतीच्या सावलीत, झोपडपट्टीतल्या बौद्ध बायका पत्र्याखाली, मोहल्ल्यातल्या मुसलमान बायका पोत्यांच्या आडोशाला. प्रत्येक घोळक्यात पाण्याचा वेगळा डबा. हे कुणी सांगितलेलं नव्हतं आणि कुणाला खटकतही नव्हतं. मी फिरत फिरत एकेकीला विचारायची, तुमच्यातलं पुढारी कोण?

तांड्यावरची एक तरणी बाई हसून म्हणाली, "पुढारी? ते गाडीत बसून येतेत ते?"

मुसलमान बायकांमध्ये एक वयस्क बाई होत्या, त्यांना सगळ्या चाची म्हणत. त्या सुपातली डाळ पाखडता पाखडता म्हणाल्या, "हमारे में पुढारी-बिढारी कोई नै, बाई. काम करना, घर कू जाना."

आणि दाराजवळ एकटी बसणारी एक बाई होती, ती म्हणजे अक्का. निलंग्याकडची, चाळिशीची, वाळलेल्या अंगाची, पण आवाज असा की यंत्र चालू असतानाही ऐकू यावा. तिच्या मराठीत मधूनच कन्नड शब्द यायचे. तिचा नवरा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल होता. पोतं घेऊन फळीवरून पडला आणि तेव्हापासून अंथरुणावर होता. तीही लिंगायतच. गळ्यात काळ्या दोऱ्यात लिंग बांधलेलं, आणि लुगडं ठिगळाचं. मी तिच्याजवळ बसले तशी ती म्हणाली, "आप्पांच्या हापिसात चहा पिऊन आलात न्हवं? मग त्यास्नीच इचारा की. आमचं काय लिवायलात?"

तिच्या पाठीमागं दुसऱ्या बायका मला हळूच सांगत, "तिच्यासमोर काही विचारू नका बाई. ती आप्पांच्यातली हाय. समदं तिकडं जातं." आप्पा तिच्याशी फारसं बोलतही नसत, पण ते आणि ती एका जातीचे, एवढं बायकांना पुरेसं होतं. मीही त्याच जातीची आहे हे त्यांना ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. असावं. मला त्या फार काही सांगत नव्हत्याच.

औरंगाबादला जाऊन मी सरांना म्हटलं, "सर, तिथं नेतृत्वच नाही."

सर चष्मा पुसत म्हणाले, "असं कधी नसतं. पुन्हा जा."

पुन्हा गेले. एकाआड एक शनिवारी नांदेडहून एसटी. लोहा, अहमदपूर, चाकूर असं उन्हातून आदळत लातूर, आणि रविवारी परत. सासूबाई कुरकुरत नसत, पण मी परतल्यावर त्या ज्या तऱ्हेनं रिकाम्या हंड्याकडं बघत, ते मला कळायचं. नवरा म्हणायचा, "आधी दुष्काळ संपतो का तुझं पीएच.डी., बघू." तो चिडून म्हणत नव्हता. आम्ही सगळेच तेव्हा सावकाश बोलायचो, जोर लागू नये म्हणून.

त्या उन्हाळ्यात लातुरात पाण्याचं फारच झालं. वस्त्यांमधले नळ आटले. टँकर यायचा तेव्हा कोण कामावर असेल, कोण घरी, याचा नेम नाही. मिलच्या आवारात मात्र एक जुनी विहीर होती आणि तिला अजून पाणी होतं. ते पाणी तुरीसाठी. डाळ करायच्या आधी तुरीला तेल चोळतात, मग पाणी मारून रात्रभर ढीग लावून ठेवतात आणि सकाळी तो ओला ढीग अंगणभर उन्हात पसरतात. सकाळी पसरला नाही तर तूर आतून तापते, कुबट वास धरते, आणि मग तिची डाळ कुणी घेत नाही. त्या तुरीसाठी पाणी शेंदून एका हौदात भरून ठेवलेलं असे. बायका त्या हौदाच्या शेजारून दिवसभर ये-जा करत आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं घरी जात.

त्या शनिवारी मी सकाळीच पोचले होते. बायका नुकत्याच आल्या होत्या, ढीग अजून पसरायचा होता. तांड्यावरच्या त्या तरण्या बाईनं घरून आणलेली घागर हौदात बुडवली. मुनीम धावत आला. "तुरीचं पाणी हाय ते! तुला किती डाव सांगायचं?" म्हणत त्यानं घागर तिच्या हातातून ओढली आणि हौदात उलटी केली. ओढाताणीत निम्मं पाणी जमिनीवर सांडलं. ती बाई खाली वाकली, घागर उचलली. आणि ओल्या मातीकडं बघत उभी राहिली.

दाराजवळून अक्का उठली. "मुनीमजी," ती म्हणाली, "हे सांडलेलं कुणाच्या कामाला आलं आता? तुरीच्या का तिच्या?"

"तू तुझं काम कर," मुनीम म्हणाला.

"करते की," म्हणाली, आणि जाऊन तुरीच्या ढिगासमोर मांडी घालून बसली. "बायांनो, ढीग पसरू नका. आप्पा येऊस्तोवर कुणी हात लावायचा न्हाई."

कुणी हललं नाही. मला स्पष्ट दिसत होतं, त्यांना वाटत होतं की यात काहीतरी डाव आहे. आप्पांच्यातलीच बाई आप्पांची तूर अडवते, हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. घागरवालीसुद्धा जागची हलली नाही. मग चाची उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत आल्या आणि अक्काशेजारी बसल्या. "बैठो गे," त्या आपल्या बायकांना म्हणाल्या, "धूप में खडे रहके क्या होता." त्यानंतर पत्र्याखालच्या बायका आल्या आणि शेवटी तांड्यावरच्या.

आप्पा आले तोवर ऊन चढलं होतं. त्यांनी आधी मुनिमाला झापलं, मग बायकांना, आणि मग अक्काच्या जवळ जाऊन आवाज खाली आणत कन्नडमध्ये बोलायला लागले. मला कन्नड जेमतेम समजतं. 'नम्म मंदी' एवढं ऐकू आलं, म्हणजे आपली माणसं. त्यांचा चेहरा दुखावलेला होता. घरातलंच कुणी उलटावं तसा.

अक्का मान वर न करता म्हणाली, "आप्पा, मराठीत बोला. समद्यास्नी कळू द्या."

आप्पा सरळ झाले.  मग त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि मी दिसले.

"बाई, तुम्ही तरी सांगा हिला. तुम्ही शिकलेल्या, आपल्यातल्या. तुमचं ऐकंल ती."

"आप्पा, मी मध्ये पडायला आलेले नाही," मी म्हटलं.

"मग कशाला आलात?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

अक्कानंही माझ्याकडं बघितलं आणि चाचींनीही. मी अभ्यास, निरीक्षण असलं काहीतरी पुटपुटले. ऐकून आप्पांनी मान फिरवली आणि ढिगात कोपरापर्यंत हात घातला. तूर आत तापायला लागली असणार. हात बाहेर काढून त्यांनी तो हुंगला, धोतराला पुसला.

"बरं," ते म्हणाले. "घरी जाताना दोन दोन घागरी न्या प्रत्येकीनं. पर वाटणी हिनं करायची." त्यांनी अक्काकडं बोट केलं. "भांडण झालं, कुणाला कमी पडलं, तर माझ्याकडं यायचं न्हाई. हिच्याकडं जायचं."

बायकांनी घटकाभरात ढीग पसरला. संध्याकाळी अक्का विहिरीच्या काठावर उभी राहून घागरी भरून देत होती, आणि त्या तरण्या बाईला तिनं सगळ्यांत आधी दिल्या. अक्काला हसताना मी प्रथमच पाहिलं. रविवारी परतीच्या बसमध्ये मी नांदेड येईपर्यंत लिहीत होते. पुढं सरांनी ते वाचलं आणि इतके खूश झाले की बायकोला हाक मारून त्यांनी चहा दुसऱ्यांदा करायला सांगितला. "सापडलं की नाही? जात ओलांडून गेलेलं नेतृत्व! यावरच सगळा प्रबंध उभा राहतो."

मलाही तसंच वाटलं.

पण विहिरीला पाणी किती असणार? पुढच्या खेपेला गेले तेव्हा दोन घागरींची एक झाली होती. त्याच्या पुढच्या खेपेला एकही भरून मिळत नव्हती, गळ्यापर्यंत भरली की अक्का पुढचीला हाक मारायची. पाणी गढूळ येत होतं. शेंदायला जोर लागत होता, ती खोकायची, आणि भोवती बायका उभ्या राहून तिच्या हाताकडं बघत असायच्या. कुणाला किती बोटं कमी भरली, कुणाची घागर मुळातच मोठी, कुणाच्या घरात दोघी कामाला आहेत. आप्पा ऑफिसच्या खिडकीतून बघत. कुणी तक्रार घेऊन गेलं की म्हणत, "तुमच्या पुढारणीला सांगा."

ते पुढारीण म्हणायचे आणि बायकाही तेच म्हणायला लागल्या, पण निराळ्या सुरात.

अक्काची नणंद त्याच मिलमध्ये पोती शिवायला होती. एक दिवस अक्कानं तिची घागर काठोकाठ भरली. तांड्यावरच्या त्याच तरण्या बाईनं ते पाहिलं आणि म्हणाली, "बघा, आपल्या माणसाला भरून देती."

अक्का तडकली. "देते! तिच्या लेकराला हगवण लागलीया, धुवायला पाणी न्हाई. तुला काय करायचंय?"

"माझं लेकरू काय दगडाचं हाय?"

यावर अक्का जे बोलली ते मी इथं लिहीत नाही. तांड्याला धरून बोलली, जातीला धरून बोलली. एवढं वाईट मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तांड्यावरच्या बायकांनी घागरी तिथंच ठेवल्या आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या कामावरच आल्या नाहीत, असं मला नंतर चाचींकडून कळलं.

पुढच्या खेपेला मी पोचले तर बायका निरनिराळ्या कोपऱ्यांत मला गाठायला लागल्या. तुम्ही समदं लिहिता, तुम्हीच सांगा, कुणाला जास्त गेलं? एकीनं तर माझा हात धरला. मी म्हटलं, मी असते एकाआड एक शनिवारी, मला काय ठाऊक? त्या माझ्याकडं अविश्वासानं बघत राहिल्या. मला तिथून उठून स्टँडवर जावंसं वाटत होतं, पण बसला अवकाश होता.

अक्का विहिरीकडं पाठ करून पत्र्याखाली बसली होती. तिनं दोर हातात घ्यायचं सोडून दिलं होतं.

"मी न्हाई वाटत आता," ती म्हणाली. "आप्पा म्हंत्यात पुढारीण, ह्या म्हंत्यात चोर. घरी गेलं की नवरा म्हंतो, दुसऱ्याचं पाणी वाटतीस आन माझ्या उशाला तांब्या न्हाई. तुमच्या कागदात काय लिवलंय माझं?"

"पुढारी लिहिलंय," मी म्हटलं.

"खोडा ते."

"पण तू त्या दिवशी..."

"त्या दिवशी मला राग आला हुता. रोज रोज कुठून आणू राग?"

त्या संध्याकाळी पाणी निघेचना, कारण शेंदायला कुणी पुढं होईना. बराच वेळ सगळ्या घागरी घेऊन उभ्या होत्या. मग चाचींनी कुरकुरत दोर उचलला. त्यांच्यानं एकदोन खेपांपलीकडं ओढवेना, तसा पत्र्याखालच्या एका बाईनं त्यांच्या हातातून घेतला. पुढं तेच चालू राहिलं. ज्या दिवशी जिच्या अंगात जोर असेल ती शेंदायची आणि बाकीच्या तिच्यावर ओरडायच्या. तांड्यावरच्या बायका त्यानंतर आठवड्याभरानं परत आल्या, कारण दुसरं काम कुठं होतं? एक दिवस त्यांच्यातलीही शेंदत होती. कुणी काही ठरवलं नव्हतं. भांडणं रोजच होती, पण आता एकाच बाईवर सगळ्या तुटून पडत नव्हत्या.

आप्पांना हे मुळीच आवडलं नाही. "आता मी बोलायचं कुणाशी?" ते मला म्हणाले. "आज एक उभी, उद्या दुसरी. एक माणूस पाहिजे का न्हाई?"

गंमत म्हणजे सरही तेच म्हणाले. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "मग नेता कोण? तक्त्यात एक नाव तर लागेल."

"कुणीच नाही, सर. किंवा मग सगळ्याच."

"असं लिहिता येत नाही हो," सर म्हणाले. तेही थकले होते. निवृत्तीला आले होते, आणि माझ्यासारखे अर्धवट राहिलेले बरेच विद्यार्थी त्यांच्या गळ्यात होते. "तुम्ही अक्काचं नाव ठेवा. बाकीचं उपसंहारात टाका."

मी तसंच केलं.

पावसाळ्याच्या तोंडाला मिल बंद झाली. बाजारात तूर येतच नव्हती आणि हौदालाही पाणी उरलं नव्हतं. बायका पांगल्या. बऱ्याचजणी रोजगार हमीवर गेल्या. अक्का चाकूरजवळ एका पाझर तलावाच्या कामावर माती उचलायला जात होती. मी माहेरी गेले होते तेव्हा तिला भेटायला गेले. ती डोक्यावरची पाटी टाकून आली, पदरानं तोंड पुसलं आणि कसं काय वगैरे न विचारता म्हणाली, "नांदेडचा सरकारी दवाखाना चांगला हाय म्हंत्यात. माझ्या मालकाला दावायचंय. तुमच्या वळखीचं कुणी हाय का तिथं?"

ओळखीचं कुणी नव्हतं. पण घर होतं. आठ-दहा दिवसांनी ती नवऱ्याला एसटीत आडवं घालून घेऊन आली. त्याला दवाखान्यात भरती केलं आणि ती आमच्याकडं राहिली. सासूबाईंनी आधी तिची जात विचारली. लिंगायत म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला, त्यांनी तिला थेट चुलीपाशी नेलं. मी ते बघत होते. तांड्यावरची बाई नवऱ्याला घेऊन आली असती तर काय झालं असतं, हा विचार मनात आला, आणि तो तसाच राहू दिला. सासूबाईंशी भांडायची ताकद नव्हती.

दवाखान्यातून आली की अक्का माजघरात आडवी व्हायची आणि झोपायची. दुपार असो, सकाळ असो. एवढं झोपणारं मोठं माणूस मी पाहिलेलं नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "झोपू दे गं तिला." मी बाजूला प्रबंधाची पानं घेऊन बसायची. त्या पानांवर तिचं नाव होतं, अर्थात बदललेलं. एकदा ती जागी झाली आणि पानांकडं बघत म्हणाली, "त्यात माझं भांडण बी हाय का? तांड्याच्या बाईसंगं?"

"आहे."

"मी काय बोलले ते बी?"

"ते नाही. नुसतं भांडण झालं म्हणून आहे."

 छताकडं बघत ती म्हणाली, "तिच्या लेकराला बी हगवण लागली हुती. नंतर कळलं मला. वाचलं ते." आणि कूस बदलली.

नवऱ्याची पाठ काही नीट झाली नाही. पण तो उशीला टेकून बसायला लागला, स्वतःच्या हातानं जेवायला लागला. तेवढं घेऊन ती लातूरला परत गेली.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. तूर आली, मिल सुरू झाली. आप्पांनी झाडून सगळ्या जुन्या बायकांना बोलावलं, अक्काला सोडून. तिनं निरोप पाठवला तर मुनिमाकडून उत्तर आलं, जागा नाही. मी फाटकात चाचींना गाठून विचारलं, तुम्ही कुणी काही बोलला नाहीत?

चाचींनी खाली बघितलं. "क्या बोलना, बाई. दो बरस से चूल्हा ठंडा है." मग आत जाता जाता, "अच्छी थी वो. जबान की कडवी, लेकिन अच्छी."

मी आप्पांना भेटायला ऑफिसात गेले. त्यांनी पूर्वीसारखाच चहा मागवला. अक्काचा विषय काढला तसे म्हणाले, "बाई, परका उलटला तर माणूस समजून घेतो. आपलंच माणूस समद्यांसमोर तसं बोललं, ते माझ्या मनातून अजून जात न्हाई. तुम्हाला न्हाई कळायचं." मला कळत होतं. मी चहा अर्धा ठेवून उठले.

माझी तोंडी परीक्षा औरंगाबादला झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानं उलटत विचारलं, "ही जी महिला नेता आहे, तिचं नेतृत्व मालकानं पाणीवाटप सोपवलं म्हणून तयार झालं, की ते काम सोपवल्यामुळं संपलं?"

प्रश्न चांगला होता. सगळ्या प्रबंधात मी तो एकदाही इतक्या सरळ विचारला नव्हता. मी म्हटलं, "सर, मला वाटतं, दमली ती." ते हसले, त्यांना वाटलं मी उत्तर टाळतेय. सरांनी विषय बदलला. पदवी मिळाली. नवऱ्यानं पेढे आणले, सासूबाईंनी आल्यागेल्याला सांगितलं. आणि मी सोमवारी पुन्हा पहिल्या तासाला उभी राहिले.

त्यानंतर काही वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी लातूरला जाणं झालं. शहरात बाहेरगावची मुलं शिकायला यायला लागली होती, गल्लोगल्ली खानावळी निघाल्या होत्या. अशाच एका खानावळीत अक्का भाकरी थापायला आहे असं चाचींकडून कळलं होतं. मागच्या दारानं गेले. ती चुलीसमोर होती, केस पांढरे झालेले, हात पिठानं भरलेले, आणि वाढणाऱ्या पोरीवर ओरडत होती. मला पाहून ती उठली नाही, एक पाट पायानं पुढं सरकवला.

"झालं का तुमचं ते?"

"झालं."

"मग मोठ्या साहेबीण झालात?"

"नाही. तेच शिकवते, तिथंच."

"हाव," ती म्हणाली. नवऱ्याबद्दल विचारलं तर तो गेला होता, आदल्या साली. ते तिनं पीठ मळताना, माझ्याकडं न बघता सांगितलं. खानावळीत आणखी बायका आहेत का, मालक कसा आहे, असं मी सवयीनं विचारायला लागले. ती मध्येच म्हणाली, "बाई, आज नका काही इचारू. पोरं बसलीत पंगतीला."

तिनं तव्यावरची भाकरी काढून माझ्या ताटात टाकली, वर पिठलं घातलं आणि पुढची भाकरी थापायला घेतली. मी जेवले. मला भूक लागली होती.